फ्रेंच-जपानी जेवण आणि चमचाभर पदार्थाचा आक्षेप

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशांतील महागड्या उपाहारगृहांची जी थट्टा झाली, ती वाचताना मलाही हसू आले. मात्र परातीएवढ्या बशीत चमचाभर पदार्थ वाढून पाहुण्याला लुबाडतात, हा त्यातील मुख्य आक्षेप जपानी वळणाच्या छोट्या फ्रेंच उपाहारगृहांनाही लावलेला आहे आणि तो मला पटला नाही. पॅरिसमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या मुलीकडे गेलो असता अशाच एका ठिकाणी जेवण्याचा योग आला होता, म्हणून चार ओळी लिहीत आहे.

तेथे एकेका बशीचा हिशेब करून चालत नाही. सात-आठ बशा ठरावीक क्रमाने, दोन-अडीच तासांत समोर येतात आणि उठताना पोट व्यवस्थित भरलेले असते. काय खायचे हे आचारी ठरवतो. त्या दिवशी बाजारात जे उत्तम मिळाले त्यावर तो क्रम बेततो. ही रीत जपानी काइसेकी भोजनाशी जुळणारी आहे आणि फ्रेंचांनी ती डोळसपणे पाहून घेतली. शिझुओ त्सुजी यांनी १९६० मध्ये ओसाका येथे स्थापन केलेल्या पाकशाळेत पॉल बोक्यूझ यांच्यासारखे फ्रेंच आचारी जाऊन आले. पुढे १९७३ मध्ये ऑंरी गो आणि क्रिस्तियाँ मियो या समीक्षकांनी ‘नूव्हेल क्विझीन’ म्हणजे नव्या फ्रेंच पाकशैलीची सूत्रे मांडली, तेव्हा मैदा घालून दाट केलेल्या जड सॉसना त्यांनी स्पष्ट नकार दिला. उलट दिशेने जपानी आचारी फ्रान्समध्ये शिकायला आले आणि तेथेच स्थिरावले. पॅरिसमधील केई कोबायाशी यांना २०२० मध्ये मिशेलिन या उपाहारगृहांच्या मार्गदर्शिकेचे सर्वोच्च तीन तारे मिळाले. फ्रान्समध्ये हा मान मिळवणारे ते पहिले जपानी आचारी होत.

खरा फरक पाण्यात आहे, असे मला तेथे जेवताना जाणवले. जुन्या फ्रेंच स्वयंपाकात वासराची हाडे कित्येक तास उकळून अर्क काढतात. जपानी ‘दाशी’ या पातळ अर्कासाठी कोंबू नावाचे समुद्री शेवाळ थंड पाण्यात भिजवून मंद आचेवर तापवतात, उकळी फुटण्यापूर्वी काढून घेतात, मग वाळवून धुरावलेल्या बोनिटो माशाचे पातळ काप त्यात काही मिनिटे ठेवून गाळतात. दिसायला ते जवळजवळ पाणीच, पण १९०८ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी ‘उमामी’ म्हणून ओळखलेली पाचवी मूळ चव याच कोंबूत सापडली. पुरणाच्या डाळीचा कट ज्याने आमटीत चाखला आहे, त्याला पातळ पाण्यात एवढी चव कोठून येते हा प्रश्न पडू नये. माझ्यासमोर आलेला सलगम याच दाशीत शिजवून वर तांबूस होईपर्यंत कढवलेले लोणी घातलेला होता. त्यानंतरच्या माशावर पांढरी वाइन, व्हिनेगर आणि लोणी यांचा नेहमीचा फ्रेंच सॉस होता, फक्त त्यात थोडे पांढरे मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, मिसळले होते. लोण्याचा जडपणा त्याने नेमका तोडला.

दुसरी गोष्ट जागेची. खोलीत खुर्च्या जेमतेम डझनभर, त्यातल्या निम्म्या ओट्याला लागून. फ्रेंच आचारी जोएल रोबुशाँ यांनी २००३ मध्ये तोक्यो आणि पॅरिस येथे सुशीच्या दुकानांसारखी ओट्याभोवतीची बैठक सुरू केली, तिचेच हे धाकटे रूप. आचारी समोरच असल्याने आपण काय ठेवले आणि काय संपवले हे त्याला दिसते. एवढ्या थोड्या पाहुण्यांवर सगळा खर्च निघायचा, म्हणून दर चढा असतो. तो मला जास्तच वाटला, हेही सांगतो. शिवाय प्रत्येक बशीबरोबर वाढप्याचे निरूपण ऐकावे लागते आणि तोवर पदार्थ निवतो. शाकाहारी वाचकांनी तर जागा राखून ठेवतानाच आपला नेम कळवावा, कारण निव्वळ भाजीच्या पदार्थातही दाशीतून मासा आलेला असतो. आधी सांगितल्यास केवळ कोंबू आणि वाळवलेली शिताके अळंबी वापरून ती करता येते.

आपल्याकडे मात्र महामार्गावर आणि महाबळेश्वरच्या वाटेवर जाडजूड मेनूकार्डे हाती येतात, ज्यांतल्या पनीरच्या दहा भाज्या एकाच रश्श्यातून निघतात. भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा आपल्या कोरेगावचा. तो शिजवलेले पाणी गाळून, त्यात लोणी फेटून एखादा पातळ सॉस करून पाहायला कोणाची हरकत आहे? महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीलाही मानांकन आहे, पण ती क्रीमखेरीज कशाबरोबर खाता येते याचा विचार सहसा होत नाही. बारा खुर्च्या, एकच ठरलेले जेवण आणि आधी नोंदणी, एवढ्यावर सातारा किंवा वाई येथे एखाद्या तरुण आचाऱ्याने हे करून पाहावे. दर पॅरिसचा ठेवण्याचे कारण नाही.

सदरलेखकांना विनंती आहे की, पुढच्या वेळी अशा ठिकाणी त्यांनी एका बशीचे छायाचित्र न छापता सगळ्या बशांची क्रमवार नोंद द्यावी आणि उठताना भूक उरली होती का, तेही लिहावे.

आपला,
एक नियमित वाचक,
शाहूपुरी, सातारा