चिप बदलायच्या आधी वेळेचा हिशोब करा

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार,

रविवारच्या पुरवणीतला ड्रोन आणि ड्रायव्हर नसलेल्या गाड्यांवरचा लेख आवडला, पण चिप जितकी फास्ट तितकी गाडी सेफ असं जे त्यात लिहिलंय ते पटलं नाही म्हणून लिहितेय. मी बडोद्यात इंजिनिअरिंगच्या मुलांना एम्बेडेड सिस्टिम्स, म्हणजे यंत्राच्या आत बसवलेले छोटे कॉम्प्युटर, शिकवते.

मागच्या वर्षी आमच्या मुलांचा ड्रोन हवेत डगमगायचा. तोल सांभाळायचं काम दर अडीच मिलिसेकंदाला व्हायलाच हवं आणि यांनी कॅमेऱ्याला सगळ्यात वरची प्रायॉरिटी दिलेली, का तर व्हिडिओ छान दिसला पाहिजे. सगळे म्हणाले फास्ट चिपचा महागडा बोर्ड घ्या. आम्ही नाही घेतला, प्रत्येक कामाला जास्तीत जास्त किती वेळ लागतो ते मोजलं, प्रायॉरिटी बदलल्या आणि त्याच बोर्डवर ड्रोन स्थिर उडाला. कुठल्या कामाला कुठली प्रायॉरिटी दिली की सगळी वेळेत होतील, हे गणित लिऊ आणि लेलँड या संशोधकांनी 1973 सालीच मांडून ठेवलंय. दूध उतू जायच्या आत गॅस बंद झाला पाहिजे, बाकीचा स्वयंपाक सावकाश झाला तरी चालतं.

1997 मध्ये नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं आणि थोड्याच दिवसांत त्याचा कॉम्प्युटर सारखा रीसेट व्हायला लागला. आईला दूध उतरवायला सांडशी हवीय, ती धाकट्याच्या हातात, आणि धाकट्याला मधल्याने तिसऱ्याच कामासाठी अडवून ठेवलंय, मग आई ताटकळणारच ना? तिथेही हवामानाच्या डेटाचं खालच्या प्रायॉरिटीचं काम लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारी ती सांडशी, धरून बसलं, मधली कामं त्याला पुढे सरकू देईनात आणि वरच्या प्रायॉरिटीचं महत्त्वाचं काम अडकलं, की कॉम्प्युटर स्वतःला रीसेट करायचा. इंजिनिअर्सनी पृथ्वीवरून एक सेटिंग चालू केलं, ज्याच्याकडे लॉक त्याला तेवढ्यापुरती वाट बघणाऱ्याची प्रायॉरिटी, आणि रीसेट थांबले. चिप तीच, मंगळावरचीच!

चांगली चिप लागतेच, नाही असं नाही. पण पुढच्या वेळी गाडीवाल्या कंपनीची मुलाखत घ्याल तेव्हा एवढं विचारा, आमच्या बडोद्यात मांडवीजवळ गाय, रिक्षा आणि शाळकरी पोरं एकदम समोर आली तर ब्रेक जास्तीत जास्त किती मिलिसेकंदात लागणार, आणि त्यासाठी गाडी कुठलं काम बाजूला ठेवणार?

एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदा