रस्त्याच्या अंदाजपत्रकात पदपथ आधी धरा : नगरविकास मंत्र्यांना सोलापुरातून खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

पायी चला, सायकल चालवा असे सांगणारे फलक आणि वर्षातून एकदा निघणारी सायकल फेरी यांना माझा विरोध नाही. परंतु जेथे चालणेच धोक्याचे झाले आहे, तेथे नागरिकांनी आपण होऊन गाडी घरी ठेवावी ही अपेक्षा रास्त नव्हे.

सोलापूर हे मुळात चालणाऱ्यांचे शहर. जमीन बहुतांशी सपाट, जुन्या पेठा एकमेकींपासून तीन-चार किलोमीटरच्या आत. सायकलने पंधरा-वीस मिनिटांचे काम. गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हा कामगार पायी नाहीतर सायकलवर पाळी गाठत. पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायका आजही वळलेल्या विड्या पिशवीत घालून कारखान्यात पायी जातात आणि पाने-तंबाखू घेऊन परततात. पर्यावरणाच्या नावाने त्यांचा सत्कार कोणी करणार नाही, पण सत्कारापेक्षा त्यांना पदपथ अधिक उपयोगी पडेल.

माझ्या आईचे गुडघे दुखतात. घरापासून भाजी बाजार जेमतेम आठशे मीटर. पदपथाची कडच रस्त्यापासून इतकी उंच की भिंतीला हात टेकल्याशिवाय तिला चढता येत नाही. चढली की पुढे विजेचा डबा, त्यापुढे ओळीने लावलेल्या दुचाकी, मग फरशी निघालेला खड्डा. तेव्हा ती खाली उतरते आणि एका हाताने साडीचा काठ सावरत, दुसरा हात येणाऱ्या रिक्षाला दाखवत डांबरावरून चालते. हे पाहवत नाही म्हणून मी गाडी काढतो, आणि रस्त्यावरच्या गर्दीत आणखी एकाची भर घालतो.

रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथाचा चालण्याजोगा, अडथळा नसलेला भाग निवासी भागातही किमान १.८ मीटर रुंद असावा आणि कडेची उंची १५ सेंटीमीटरपेक्षा अधिक नसावी. पुणे महापालिकेने २०१६ मध्येच पादचारी धोरण स्वीकारले, तर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क हा राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. नियमांची वाण नाही. वाण आहे ती देयक अडवणाऱ्या अटीची.

म्हणून विनंती अशी, की राज्याच्या निधीतून होणाऱ्या प्रत्येक शहरी रस्त्याच्या अंदाजपत्रकात सलग पदपथ, उतार आणि झाडे यांचा समावेश सक्तीचा करावा, आणि तो भाग पूर्ण झाल्याशिवाय ठेकेदाराचे अंतिम देयक निघू नये. झाडांचा उल्लेख हौसेने केलेला नाही. मे महिन्यात येथील पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, आणि कडुनिंबाच्या सावलीशिवाय दुपारी बाराला कोणीही सायकल काढणार नाही, मीही नाही.

सुरुवात नवी पेठेपासून करता येईल. संध्याकाळचे काही तास तेथे मोटारी बंद ठेवाव्यात आणि वाहनतळ पेठेच्या कडेला द्यावा. व्यापारी प्रथम कुरकुरतील, हे उघड आहे. तेव्हा आधी त्यांच्याशी बोलून तीन महिन्यांचा प्रयोग करावा आणि विक्रीचे आकडे त्यांनाच मांडू द्यावेत. दर जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे भक्तांनी पेललेल्या उंच सजवलेल्या काठ्या, ६८ लिंगांना प्रदक्षिणा घालण्यासाठी निघतात, तेव्हा हेच शहर वाहने वळवून पायी चालणाऱ्यांना वाट करून देते.

उत्तराची प्रतीक्षा आहे. कळावे.

आपला विश्वासू,
सोलापूरचा एक रहिवासी