टॉवरवर चढलेल्या भाऊंना

भाऊ, रामराम.

काल संध्याकाळी माझ्या हॅम रेडिओवर, २० मीटर बँडवर, रशियाचा एक गडी स्वच्छ ऐकू आला अन् तुमची आठवण झाली. फोनवर ‘थँक्यू’ म्हटलं होतं, पण त्यानं माझं समाधान झालं नाही.

वादळात ॲन्टेना फिरवणारी मोटर, म्हणजे रोटेटर, अडकल्यापासून स्लॅबवरच्या टॉवरवर ॲन्टेना एकाच दिशेला तोंड करून बसला होता. दारव्ह्यापासून यवतमाळपर्यंत विचारून झालं. एकानं ॲडव्हान्स घेतला अन् फोन उचलणं बंद केलं. दुसरा कमरेला सुती दोर गुंडाळून आला. पट्टा कुठाय विचारलं तर म्हणे, “काही होत नाही बाप्पा, रोजचंच काम हाय.” कमरेच्या दोरावर झटक्यानं लटकलेल्या माणसाचा कणा हवेतच जाऊ शकतो, हे माझ्यासारख्या मास्तरालाही माहीत आहे. त्याला चहा पाजून परत पाठवलं.

तुम्ही आधी वर पाहिलंच नाही. पाया, टॉवरला धरणाऱ्या ताणाच्या तारा, त्या घट्ट करायचे टर्नबकल, शेजारची ११ केव्हीची लाइन, सगळं पाहून झाल्यावर अंगभर हार्नेस चढवला. दुसरा हुक अडकल्याशिवाय पहिला सोडायचा नाही, हे शेंड्यापर्यंत चाललं. पाहणाऱ्यानं जांभया द्याव्यात इतकं सावकाश!

पण त्याआधीचं सांगतो. खाली दोर धरायला बाबा उभे होते. तुम्ही थोडं चढलात अन् परत उतरलात. पिशवीतून दुसरं हेल्मेट काढलं, बाबांच्या डोक्याचा दुपट्टा सोडून घडी करून त्यांच्या खांद्यावर ठेवला, हेल्मेट घातलं, हनुवटीखाली बक्कल लावलं अन् बोट घालून पट्टा तपासला. “काका, पाना निसटला तं तो माह्या नाही, तुमच्या डोक्यावर येते.”

बाबांची काळजी अशी हातानं घेतलेली मी कधी पाहिली नव्हती. त्यांचा जन्म विहिरीच्या कामात अन् कपाशीच्या फवारणीत गेला. २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं मेली, तेव्हा मास्क-हातमोज्यांवर भाषणं पुष्कळ झाली. बाबांच्या तोंडाला मात्र तोच दुपट्टा राहिला. ज्यांची कामं करत ते म्हातारे झाले, त्यांच्यातल्या कोणाला हे सुचलं नाही, अन् तुम्ही तर त्यांना तासाभरापूर्वी पहिल्यांदा भेटला होतात.

ठरल्यापेक्षा जास्त पैसे तुम्ही घेतले नाहीत. म्हणून आता हुरड्याला यायचं, वहिनींना अन् पोरांना घेऊन. बाबांनी तुमच्यासाठी ज्वारीचा एक कोपरा आत्ताच राखून ठेवलाय.