मोटर बुजवू नकोस

पुणे, 9 जून

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. मृगाच्या सरी सुरू झाल्या आणि नेमका तुझा प्रश्न आला: सोलापूरहून तुझी इलेक्ट्रिक सायकल आणण्याआधी मोटरभोवतीच्या सगळ्या फटी सिलिकॉनने बुजवून घेऊ का? उत्तर आधी देतो, कारणं मागून. बुजवू नकोस. तुझ्या सायकलची मोटर क्रँकपाशी, म्हणजे पॅडलच्या दांड्यापाशी, फ्रेमच्या पोटात आहे. तिथे पाणी वरून येऊ द्यायचं नाही आणि आलेलं खालून जाऊ द्यायचं, एवढं साधलं तर ती पुण्याचे पावसाळे काढेल. फटी बुजवल्यास तर पाणी वरून येतच राहील आणि खालून जायची वाट मात्र बंद होईल.

शिवाय हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं साधं सिलिकॉन आंबट वासाचं असतं. तो वास ॲसेटिक ॲसिडचा. वाळताना ते सुटतं आणि कनेक्टरच्या तांब्या-पितळेच्या पिना हिरव्या पडतात. कुठे लावायची वेळ आलीच तर न्यूट्रल क्युअर, म्हणजे वाळताना ॲसिड न सोडणारं, मागून घे, पण मोटरच्या कवचाला तेही नको. ते कवचच मोटरची उष्णता बाहेर टाकतं.

पाणी आत जातं कसं, ते नीट समजून घे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. लांब चढावर मोटर तापते. समज, आतली हवा 70 अंशांवर आहे आणि तू सायकल ओढ्यात घातलीस, किंवा घरी येऊन थेट पाइप लावलास. आतली हवा 25 अंशांवर येते आणि कोंडलेली असली तर तिचा दाब जवळजवळ 13 टक्क्यांनी पडतो. मोटर श्वास आत ओढते म्हण ना. क्रँकच्या दांड्याभोवतीच्या रबरी सीलशी थबकलेलं पाणी त्या ओढीने आत जातं, आणि पाण्याबरोबर माती. म्हणून भर पावसात दोन तास चालवलेल्या सायकलपेक्षा गरम असतानाच धुतलेल्या सायकलची मोटर लवकर बिघडते.

मोटरवर आयपी54 असं काही लिहिलेलं असेल. बॉश कंपनीच्या बऱ्याच मोटरींना हेच मानांकन आहे. त्यातला 5 धुळीचा: धूळ थोडी आत जाईल, पण कामात अडथळा येणार नाही. 4 पाण्याचा: कुठल्याही बाजूने उडालेले शिंतोडे चालतील. फवारा यात बसत नाही आणि बुडवणं तर नाहीच. ही चाचणी नव्या सीलवर आणि साध्या पाण्याने होते. चिखलाने घासलेल्या सीलला तो आकडा लागू नाही, हे दुकानात कुणी सांगत नाही.

आता सीलच बघ. क्रँकचा हात, म्हणजे ज्याच्या टोकाला पॅडल असतं तो, काढला की दांड्याभोवती काळ्या रबराची कडी दिसते. तिचा आतला ओठ दांड्याला अगदी अरुंद पट्टीवर टेकलेला असतो. मुरमाची बारीक पूड आणि चेनचं तेल मिळून राखाडी मलम तयार होतं आणि ते नेमकं त्या ओठापाशी बसतं. आपला मुरूम म्हणजे कुजलेला बेसॉल्ट. त्यातल्या फेल्डस्पारचं काठिण्य 6 ते 6.5, आणि चाकूच्या पात्याचं साधारण 5.5. म्हणजे पॅडल मारताना प्रत्येक फेऱ्याला तू दांड्यावर पॉलिश पेपर फिरवतोयस. दांडा पुसून त्यावर नख आडवं ओढ. नख कुठे अडलं तर तिथे खोबण पडली आहे, आणि मग नवीन सीलसुद्धा तिथे धरत नाही.

काळ्या मातीची तऱ्हा वेगळी. ती तुला सोलापुरात ओळखीची आहे, पण इथे मुळशी-पौडकडे ती दिवसचे दिवस ओली राहते. ओली असताना फुगते, चेनरिंग (क्रँकवरचं दात्यांचं चाक) आणि मोटर यांच्या मधल्या बोटभर जागेत थापली जाते आणि दुसऱ्या दिवशी वाळून विटेसारखी होते. ती स्क्रूड्रायव्हरने उकरू नकोस, सीलचा ओठ फाटतो. ओलं फडकं त्यावर दहा मिनिटं ठेव, मग मऊ ब्रशने सुटते. खालची दगडापासून वाचवणारी प्लेट चार-पाच चिखलाच्या फेऱ्यांनंतर उतरवलीच पाहिजे. प्लेट आणि मोटर यांच्या मध्ये गाळ साठतो, तो ओल धरून ठेवतो आणि मोटरची हवाही अडवतो. काही जण तिथे स्पंज कोंबतात. स्पंज म्हणजे कायम ओला बोळा, तो कोंबू नकोस.

वरून येणाऱ्या पाण्याकडे बहुतेकांचं लक्षच नसतं. सीटची नळी सरळ मोटरच्या डोक्यावर उतरते. सीटपोस्टच्या, म्हणजे सीटच्या दांड्याच्या, क्लँपपाशी जी चीर असते तिथून मागच्या चाकाचं पाणी आत झिरपतं आणि नळीतून मोटरवर येतं. सीटपोस्ट बाहेर काढ, आत टॉर्च मार. तळाशी चिखलाचे ओघळ दिसले तर हीच वाट. क्लँपची चीर पुढे वळवता येत असेल तर वळव, क्लँपखाली ग्रीसची पातळ रेघ दे, आणि जुन्या ट्यूबचा 4-5 सेंटिमीटरचा तुकडा सीटपोस्ट आणि क्लँपवर चढव. कार्बनची फ्रेम असेल तर ग्रीसऐवजी कार्बन पेस्ट. दुसरी वाट वायरींची. हँडलकडून फ्रेममध्ये शिरणाऱ्या वायरीवरून थेंब घसरत आत जातात. वायर शिरण्याआधी तिला खाली झोळ ठेव, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी गळून पडेल. तिथलं रबरी बूच सैल असेल तर बदल.

आणि फ्रेमच्या तळाशी, मोटरच्या खाली, पाणी निघून जायचं भोक असतं. ते चिखलाने भरलेलं असतं. खराट्याची काडी घालून मोकळं कर, दर धुण्याला. कितीही किरकोळ वाटलं तरी हे सोडू नकोस.

पुढून येणारा मारा पुढच्या चाकाचा. लहान मडगार्ड फक्त डोळे वाचवतं. डाउनट्यूबच्या, म्हणजे हँडलकडून मोटरकडे तिरप्या उतरणाऱ्या नळीच्या, खालच्या टोकाला 2 मिमी जाडीच्या रबराचा साधारण 10 सेंटिमीटरचा पडदा झिपटायने बांध. इथे पुण्यात बोहरी आळीत असं रबर कापून मिळतं. मोटरच्या तोंडावर येणारा चिखल बराचसा तिथेच अडतो. निओप्रीनचं मोटर कव्हर मला पसंत नाही. त्याखाली ओल आणि उष्णता दोन्ही कोंडतात.

धुण्याचं सांगतो, कारण खरी हानी इथेच होते. वॉशिंग सेंटरला नेऊ नकोस, तिथला मोटरसायकली धुणारा 'फक्त हलका मारतो' म्हणाला तरीही. प्रेशरचं पाणी सीलचा ओठ उचलून आत शिरतं. काही ठिकाणी डिझेल नाहीतर रॉकेल फवारतात. त्याने बेअरिंगमधलं ग्रीस विरघळतं, आणि डिस्क ब्रेकच्या पॅडवर गेलं तर पॅड फेकावेच लागतात. घरी एक बादली पाणी, झाकणभर कार शॅम्पू, दोन ब्रश: एक चेनचा, एक बाकीचा. सरमिसळ करू नकोस, तेच मलम तू स्वतःच्या हाताने सीलला लावशील. मोटर बंद, चार्जिंगचं झाकण घट्ट, आणि कवच हाताला गार लागेपर्यंत थांब. अर्धा-पाऊण तास लागतो. बॅटरी लावलेली ठेवायची की काढायची, यात सायकलच्या पुस्तिकेचं ऐक. पाणी मगने वरून सोड, क्रँकच्या बाजूने आडवं मारू नकोस. सायकल उलटी करू नकोस, नाहीतर तळाचं पाणी कनेक्टरकडे जातं. शेवटी कोरडं फडकं, मग क्रँक उलटा वीसेक फेरे फिरवून दांड्याशी बाहेर आलेलं पाणी टिपून घे. पंक्चरवाल्याकडची हवा मारू नकोस, कण ओठाखाली ढकलले जातात. डब्ल्यूडी-40 सुद्धा सीलवर नको, ते ग्रीस पातळ करून वाहून नेतं.

साधारण पाच-सहा ओल्या फेऱ्यांनी क्रँकचे हात उतरवून आतली बाजू बघ. शिमानो कंपनीच्या ईपी8 सारख्या मोटरीत क्रँकच्या हाताला दोन क्लँप बोल्ट असतात, 5 मिमी ॲलनचे. दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे सैल कर, दांड्याच्या टोकाची टोपी काढ, मधली सुरक्षेची पट्टी उचल, हात सुटतो. बसवताना टोपी अगदी हलकी आवळ, टॉर्क म्हणजे आवळण्याचा जोर 0.7 ते 1.5 न्यूटन मीटर. मग पट्टी खाली, मग बोल्ट आळीपाळीने 12 ते 14 वर. टोपी जोरात आवळली तर बेअरिंगवर बाजूचा ताण येतो आणि पाण्याशिवायच ते खराब होतं. बॉशसारख्या मोटरीला पुलर, म्हणजे क्रँक ओढून काढायचं हत्यार, लागतो, टॉर्क वेगळा, तो क्रँकवर किंवा पुस्तिकेत पाहा. चेनरिंग जागी धरणाऱ्या काही लॉकरिंगचे आटे उलटे असतात, बाण पाहिल्याशिवाय जोर लावू नकोस.

हात उतरला की टूथब्रशने कोरडी माती झाड, कापसाच्या काडीने ओठाबाहेरचं मलम टिप. मग हरभऱ्याच्या डाळीएवढं मरीन ग्रीस, एका बाजूला एवढंच, दांडा आणि सील यांच्या कोपऱ्यात गोल फिरव. कॅल्शियम सल्फोनेट ग्रीस मिळालं तर उत्तम, पाण्याने धुऊन जात नाही. हे ग्रीस पहिला चिखल स्वतःवर घेतं, म्हणून ते काळं झालं की पुसून नवीन लावायचं. मात्र मार्चनंतरच्या फुफाट्यात निम्मंच लाव, जास्त ग्रीस धूळ ओढतं. कनेक्टरला हे ग्रीस चालत नाही. तिथे डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहणारं, सिलिकॉन ग्रीस, पिनेच्या रबराला पुसटसं.

बिघाडाची चाहूल अशी. दांड्याशी तांबूस ओघळ दिसला तर बेअरिंग गंजायला लागलंय. चेन उतरवून क्रँक हाताने फिरव. रवाळ लागलं किंवा क्रँकचा हात आत-बाहेर डुलला तर पुढची फेरी रद्द. मोटरची मदत मधेच तुटू लागली तर पॅडलचा जोर मोजणाऱ्या टॉर्क सेन्सरपर्यंत ओल गेलेली असू शकते. पण उतारावर पॅडल न मारता खडखड ऐकू आली तर लगेच घाबरू नकोस. बॉशच्या चौथ्या पिढीच्या सीएक्स मोटरीमध्ये आणि ईपी8 मध्ये आतल्या क्लचचा तो आवाज कोरड्या दिवशीही येतो. पाणी आत गेल्याची शंका असेल तर सुरू करून बघायचा मोह टाळ, चार्जिंगही लावू नकोस. बॅटरी काढ, सायकल उभी ठेव, तळाचं भोक मोकळं कर, पंख्याखाली दोन दिवस. मग थेट सर्व्हिस सेंटर. वॉरंटी असेपर्यंत कवचाचा एकही स्क्रू फिरवू नकोस.

तुझ्या पुतण्याच्या सायकलची मोटर मागच्या हबमध्ये आहे, तिचं गणित सोपं. तिथे पाणी मुख्यतः एक्सलमधून बाहेर येणाऱ्या वायरीच्या भोकातून जातं. वायर आधी खाली उतरून मग वर जाईल अशी बांध, आणि जोडाचं तोंड वर नको.

राहिला सोलापूर-पुणे प्रवास. गाडीच्या मागच्या रॅकवर अडीचशे किलोमीटर, ताशी 80 ने पावसात म्हणजे मोटरवर सतत फवाराच. बॅटरी काढून गाडीत घे, संपर्काच्या पिनांवर झाकण किंवा पिशवी चिकटपट्टीने लाव. मोटरवर जाड पिशवी गुंडाळ, खालची बाजू उघडी ठेवून, म्हणजे आतली वाफ निघून जाईल. इथे पोचलास की पिशवी लगेच काढ, रात्रभर तशीच ठेवू नकोस. ग्रीस आणि रबर मी आणून ठेवतो, तू फक्त तुझा टॉर्क रेंच आठवणीने आण.

घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझा,
श्रीपाद