आधी टेप, मग पाना: बडोद्यातल्या आमच्या काकांना आभारपत्र

आदरणीय काका,
सा. नमस्कार.

तुमची नोकरी फत्तेगंजच्या ईएमई स्कूलमध्ये (लष्कराच्या यांत्रिकी शाळेत) गाड्यांखाली गेली आणि निवृत्तीनंतरचे रविवार तुम्ही आमच्या अंगणांत घालवलेत. जुनी महिंद्रा सीजे थ्री-बी जीप घरच्या घरी, पगारातून उरेल तेवढ्यात पुन्हा उभी कशी करायची, हे तुम्ही एक पैसा न घेता शिकवलंत. तोंडी आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहून मानतो आहोत. आणि चारचौघांत मानतो आहोत, कारण दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत कितीतरी घरांत ताडपत्रीखाली एखादी जीप उभी आहे. तुमचं सांगणं त्यांच्याही कामाचं आहे.

पहिले आभार गवंड्याच्या ओळंब्याचे. जीप घरी आली की प्रत्येकाचा हात आधी इंजिनाकडे जातो. तुम्ही ओळंबा, खडू आणि टेप मागवलात. सपाट फरशीवर गाडी उभी करायची, चेसिसवरच्या (गाडीच्या सांगाड्यावरच्या) पाट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या, चारही हँगरपासून ओळंबा सोडून खाली खडूने खुणा करायच्या, गाडी बाजूला ढकलायची आणि खुणांचे दोन्ही कर्ण मोजायचे. त्यांत 6 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर चेसिस वाकलेली आहे, आणि ती सरळ होईपर्यंत दुसऱ्या कशावरही रुपया घालायचा नाही. मग पुढच्या हबच्या (चाक जिथे बसतं त्या भागाच्या) मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजायचं. ते 80 इंच, म्हणजे 2032 मिलिमीटर यायला हवं. एका बाजूला कमी भरलं तर बहुतेक वेळा पाट्यांना धरून ठेवणारा सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकलेला असतो. बोल्ट स्वस्तातला. तो न पाहता अलाइनमेंट, टायर, स्टिअरिंग बॉक्स असा खर्च वाढत जातो. मोजल्याशिवाय पार्ट घ्यायचा नाही, हा तुमचा एकच नियम पुढे सगळीकडे उपयोगी पडला.

स्टिअरिंगमध्ये तर सगळ्यात जास्त. साठच्या वेगाला खड्डा लागला की पुढची चाकं थडथडायला लागतात, आणि सल्ला मिळतो तो नवीन बॉक्स टाकण्याचा किंवा डॅम्पर (थरथर शोषणारा दांडा) बसवण्याचा. डॅम्पर दुखणं झाकतो, बरं करत नाही. तुमचा क्रम असा: आधी टाय रॉडचे (पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्यांचे) एंड हाताने हलवून पाहा, मग बेल क्रँकची (स्टिअरिंगचा जोर दांड्यांकडे वळवणाऱ्या लिव्हरची) पिन, मग किंगपिन, म्हणजे जिच्यावर पुढचं चाक वळतं ती खीळ. बेल क्रँकच्या पिनमध्ये थोडी ढिलाई असली तरी लिव्हरमुळे ती चाकाशी मोठी होऊन पोचते, म्हणून तिचा बुश पहिला बदलायचा. किंगपिनच्या बेअरिंगसाठी तुम्ही भाजीवाल्याकडे असतो तसा स्प्रिंगचा काटा आणलात. नकलचं (चाकासह वळणाऱ्या सांध्याचं) ऑइल सील आणि टाय रॉड सोडवून काटा स्टिअरिंग आर्मच्या भोकात अडकवायचा आणि ओढायचं. 4 ते 6 पौंडांवर, म्हणजे साधारण दोन ते पावणेतीन किलोवर, नकल सावकाश वळली पाहिजे. त्याहून सहज वळली तर एक शिम (पातळ चकती) काढायची, जड गेली तर घालायची. शिम वर-खाली सारख्याच जाडीच्या ठेवायच्या, नाहीतर ॲक्सल शाफ्टचा जॉइंट मध्यावर राहत नाही. शेवटी टो-इन (पुढच्या चाकांचा पुढून आत असलेला कल) 3/64 ते 3/32 इंच, म्हणजे एक ते अडीच मिलिमीटरच्या आत. त्यासाठी टायरवर खडूची रेघ आणि दोन माणसं पुरतात.

मागचे हब वाचले तेही तुमच्यामुळेच. या गाडीचे मागचे ॲक्सल शाफ्ट निमुळते असतात आणि हब त्यावर चावीने (खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्याने) बसतो. हब निघत नाही म्हणून शाफ्टच्या टोकावर घण घालणं ही नेहमीची चूक. तो मार आत डिफरन्शियलमधल्या (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरमधल्या) थ्रस्ट ब्लॉकवर, म्हणजे दोन शाफ्टांमधल्या ठोकळ्यावर, बसतो. त्याला जाड पुलरच (हब ओढून काढणारं हत्यार) लागतो. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) लेथवर तो करून घेतला तर एका पुलरवर सगळ्या मित्रमंडळींचं काम होतं. बसवताना नट 150 फूट-पौंडांच्या खाली सोडायचा नाही. हब थोडाही सैल राहिला की चावी कापली जाते आणि शाफ्ट जागच्या जागी फिरतो. आणि चाकं काढताना डाव्या बाजूचे नट आधी नीट पाहायचे. कित्येक जुन्या जीपना त्या बाजूला उलटे आटे असतात. पाइप लावून जोर केला की स्टड तुटतो, आणि दोष नटाला दिला जातो.

इथे एक गोष्ट प्रत्येक घरात सांगायला हवी, काका, कारण यात जीव जाऊ शकतो. सीजे थ्री-बीचा हँडब्रेक चाकांवर नसतो. त्याचा ड्रम ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वळवणाऱ्या पेटीच्या) मागे, प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या दांड्यावर असतो. शाफ्ट खोलला की हँडब्रेक कशालाच धरत नाही. मागचं एकच चाक जॅकवर उचललं तरीही तेच: डिफरन्शियलमुळे उचललेलं चाक उलटं फिरतं आणि गाडी घरंगळते. म्हणून गाडीखाली जाण्याआधी चाकांना लाकडी ठोकळे आणि चेसिसखाली स्टँड. विटा कधीच नाहीत.

पायाच्या ब्रेकचं थोडक्यात. सर्किट एकच, त्यामुळे एक होस फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. म्हणून दिसायला चांगले असले तरी सगळे रबरी होस बदलायचे. सिलिंडरचे कप रॉकेलने किंवा पेट्रोलने धुवायचे नाहीत, रबर फुगतं आणि ब्रेक चिकटून राहतो. धुण्यासाठी ब्रेक ऑइलच. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची ती मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून.

या जीपच्या हरिकेन इंजिनाकडे तुम्ही सावकाश नेलंत, ते बरं झालं. आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब): इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडं. आकड्यापेक्षा चार सिलिंडरांतला फरक महत्त्वाचा; तो 10 पीएसआयच्या आत असावा. एखादं कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. वाढलं तर रिंग, तेवढंच राहिलं तर व्हॉल्व्ह, शेजारची दोन्ही कमी असली तर गास्केट. या एका चाचणीने कितीतरी बोअरिंगची कामं टळतात. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनावर: वरच्या इनटेकला 0.018 इंच, ब्लॉकमधल्या एक्झॉस्टला 0.016. या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट बाजूला ब्लॉकमध्ये असतो. एक्झॉस्टसाठी बाजूचं झाकण काढावं लागतं, आणि त्या खटाटोपामुळेच बरेच जण फक्त वरचे टॅपेट करून गाडी परत देतात. एक्झॉस्टचा गॅप संपला की व्हॉल्व्ह सीटला टेकत नाही आणि जळतो.

आणि तो लपलेला बोल्ट! हेडचे सगळे दिसणारे बोल्ट काढले, तरी एक कार्बोरेटरच्या खाली, इनटेकच्या तोंडात असतो. तो राहिला असताना पहार घालून हेड उचकटलं की बिडाला तडा जातो. तुम्ही कार्बोरेटर उतरवून आत टॉर्च मारून दाखवलात, त्याचे वेगळे आभार.

गिअरबॉक्सचं ऑइल ट्रान्सफर केसमध्ये झिरपतं, ही या जोडीची जुनीच खोड. एकात कमी आणि दुसऱ्यात काठोकाठ दिसलं तर घाबरायचं नाही, पण दोन्हींचे ऑइलचे प्लग दर महिन्याला उघडून पाहायचे. आत पितळी सिंक्रो रिंग (गिअर अलगद पडावा म्हणून असलेल्या कड्या) आहेत, म्हणून 90 नंबरचं जीएल-4 ऑइल, जीएल-5 नाही. विश्वामित्रीच्या 2019 आणि 2024 च्या पुरांत पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांचं ऑइल चहासारखं दुधाळ झालेलं असतं. ते नुसतं उपसून चालत नाही. भरा, थोडं चालवा, पुन्हा काढा, आणि रंग स्वच्छ येईपर्यंत हेच करा. ॲक्सलचे ब्रीदर (हवेची भोकं) साफ करायला विसरू नका, पाणी तिथूनच आत शिरतं.

पत्र्याच्या कामात तुम्ही आमचा उतावळेपणा थांबवलात. फरशीचा कुजलेला पत्रा कापण्याआधी बॉडीत आडवी पट्टी वेल्डिंगच्या टाक्यांनी जोडायची, नाहीतर बाजू आत झुकतात आणि विंडशील्डची चौकट बसत नाही. एका वेळी एकच बाजू कापायची. 18 गेजचा सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा, इंचभर टाका, मग दूरच्या टोकाला दुसरा. सलग ओढलेल्या वेल्डिंगने पत्रा पोळीसारखा फुगतो. वेल्डिंगच्या वेळी बॅटरीची तार सुटलेली हवी आणि सीटखालची पेट्रोलची टाकी गाडीबाहेर. रिकाम्या टाकीत वाफ असते, आणि धोका तिचाच. विकत घ्यायच्या गाडीवर चुंबक फिरवून पाहायची तुमची सवय आता आम्हालाही लागली आहे: जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नसून लांबी (पुट्टी) आहे. रंग सगळ्यात शेवटी. 2023 च्या जानेवारीत लक्ष्मीविलास पॅलेसवर जुन्या गाड्यांचा सोहळा झाल्यापासून सगळ्यांना चकचकीत रंगाचीच ओढ लागली आहे, पण ब्रेकचं ऑइल ताज्या रंगावर सांडलं की तो उकलतो. एवढं कारणही पुरे आहे.

कागदांचंही तुम्हीच सांगितलंत. चेसिसवरचा कोरलेला नंबर घासायचा नाही, वायर ब्रशही हलक्या हाताने. तिथे आधी ग्रीस लावून ठेवायचं. पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणासाठी फॉर्म 25 घेऊन दरजीपुऱ्याच्या आरटीओत जायचं, आणि ते पाच वर्षांसाठी मिळतं. पन्नास वर्षांवरच्या गाडीला 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी घेता येते. पहिली फी 20,000 रुपये. पण ती गाडी रोजच्या वापरात चालत नाही आणि मूळ रूपात मोठे बदल केलेले असले तर नोंदणी मिळत नाही. म्हणून डिझेल इंजिन टाकायचा मोह झाला तर आधी ही दोन कलमं वाचायची.

तुमचा स्प्रिंगचा काटा आणि फीलर गेजचा (फट मोजायच्या पट्ट्यांचा) संच आमच्याकडे आहे. काट्याचा हुक झिजला होता, तो बदलून घेतला आहे. येत्या रविवारी दोन्ही आणून देतो. काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
रविवारची अंगणातली मंडळी
बडोदे