'कमी दाब' म्हणजे नेमका किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शैक्षणिक पानावरील अकरावीच्या सराव प्रश्नांत 'वास्तव वायू आदर्श वायूप्रमाणे केव्हा वागतो?' याचे उत्तर 'कमी दाब आणि उच्च तापमान असताना' एवढेच छापले आहे. (आदर्श वायू म्हणजे ज्याच्या रेणूंना परस्परांची ओढ नाही आणि स्वतःचे आकारमानही नाही, असा कल्पित वायू.) उत्तर बरोबर आहे, त्याला पूर्ण गुणही मिळतील. पण कमी म्हणजे किती, आणि कोणत्या वायूसाठी, हे कळल्याशिवाय मुलांच्या हाती काय लागणार?

रुग्णालयातला मोठा ऑक्सिजन सिलिंडर घ्या. आत जागा 46.7 लिटर, भरतानाचा दाब सुमारे 150 बार (1 बार म्हणजे जवळपास हवेचा नेहमीचा दाब). सरळ गुणाकार केला की 7,000 लिटर, म्हणजे 7 घनमीटर; व्यवहारात या सिलिंडरची क्षमता तेवढीच धरतात. 150 बारला कोणी कमी दाब म्हणणार नाही, तरी हिशेब चुकतो तो पाच टक्क्यांच्या आसपासच. कारण ऑक्सिजनचे क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या वर कितीही दाबले तरी वायूचा द्रव होत नाही ते तापमान, उणे 118 अंश सेल्सिअस. त्या मानाने आपली साधी खोलीसुद्धा त्याला खूपच गरम. रेणू इतक्या वेगाने फिरतात की परस्परांची ओढ त्यांना फारशी रोखू शकत नाही. म्हणून काटा निम्म्यावर आला की प्राणवायूही निम्माच उरला, असे परिचारिका धरून चालते.

कार्बन डायऑक्साइडचे क्रांतिक तापमान मात्र 31 अंश. आग विझवण्याच्या नळकांड्यात, 20 अंशांना, तो जेमतेम 57 बार दाबालाच द्रवरूप असतो. निम्मा वापरला तरी आत द्रव आहे तोवर दाब तेवढाच. आदर्श वायूचे समीकरण, ज्यावर वरचा गुणाकार बेतला आहे, इथे कामाचे नाही. त्यामुळेच या नळकांड्यावर दाबाचा काटा नसतो, ते वजन करून तपासतात. घरचा गॅसही आपण 14.2 किलो असा वजनावरच घेतो.

आयरिश शास्त्रज्ञ अँड्र्यूज यांनी 1869 मध्ये कार्बन डायऑक्साइडवरच हे क्रांतिक तापमान दाखवून दिले आणि 1873 मध्ये डच शास्त्रज्ञ व्हॅन डर वाल्स यांनी रेणूंची ओढ व आकारमान समीकरणात आणले. त्यांचे दोन स्थिरांक मुले पाठ करतात. ते कशासाठी, हे राहूनच जाते, याचे फार वाईट वाटते.

पुढच्या संचात कृपया असा एखादा प्रश्न द्यावा: शस्त्रक्रियागृहात ऑक्सिजन आणि नायट्रस ऑक्साइड यांचे सिलिंडर शेजारी आहेत. दोन्हींतला थोडा वायू वापरला. ऑक्सिजनचा काटा उतरला, दुसऱ्याचा जागचा हलला नाही. का?

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, अकोला