चौथ्या पानावरची एक ओळ

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ज्या छोट्या कॉलेजच्या ऑफिसात मी बावीस वर्षं काढली, त्याचं वर्षअखेरचं पत्र परवा घरी आलं. पहिल्या पानावर कप घेतलेल्या मुलींचा फोटो, दुसऱ्यावर नवीन वेबसाइट, तिसऱ्यावर माजी विद्यार्थी कुठे कुठे पोचले ते, आणि चौथ्या पानावर अगदी खाली, देणगीच्या क्यूआर कोडच्या जरा वर, एक ओळ: काही अभ्यासक्रमांची पुनर्रचना करण्याचा कठीण निर्णय घेण्यात आला आहे. झालं, संपलं. कोणते अभ्यासक्रम, त्यात मुलं किती, शिक्षकांचं काय, काही म्हणजे काही नाही. फोनाफोनी केली तेव्हा कळलं की भाषेचे दोन विभाग आणि एक लॅब बंद होतेय आणि ज्या बाईंचा विषय जातोय त्यांनाही ते हे पत्र वाचूनच कळलं!

निर्णय चूकच आहे असं मी म्हणणार नाही. त्या बावीसातली बरीच वर्षं मी अकाउंट्सला होते, त्यामुळे आकडे कसे चावतात ते माहितीये. या बाईंच्या वर्गात चार मुलं असायची, मोठ्या वर्गात आवाज घुमतो म्हणून त्या चौघांना स्टाफरूमच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी घेऊन बसायच्या, आणि शिकवायच्या इतकं छान की मी व्हाउचर घेऊन सहीला गेले की दोन मिनिटं उगाच रेंगाळायचे. पण मुलं चार असोत नाहीतर चाळीस, पगार तोच, लाइटबिल तेच, छप्पर गळलं की दुरुस्तीही तीच. मोठ्या युनिव्हर्सिटीत असा विभाग बाकीच्यांच्या जिवावर तरून जातो, छोट्या कॉलेजात वीस ॲडमिशन कमी झाल्या की त्याच वर्षी खड्डा दिसतो.

मग लोक म्हणतात, अहो ठेवी आहेत ना बँकेत, मोडा की. तसं नसतं ते. देणारा बऱ्याचदा कशासाठी देतोय ते लिहून देतो, कोणी स्कॉलरशिपला, कोणी बक्षिसाला, कोणी एखाद्या विषयाला, आणि ते पैसे पगाराला वापरता येत नाहीत. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये स्वीट ब्रायर नावाचं मुलींचं कॉलेज आहे, २०१५ च्या मार्चमध्ये त्यांनी बंद करतोय म्हणून जाहीर केलं तेव्हा ठेवी सुमारे साडेआठ कोटी डॉलरच्या होत्या, पण त्यातला मोठा भाग असाच बांधलेला. माजी विद्यार्थिनी कोर्टात गेल्या, जूनमध्ये तडजोड झाली, त्यांनी १ कोटी २० लाख डॉलर उभे करायचे आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलने, म्हणजे सरकारच्या मुख्य वकिलाने, ठेवीतल्या १ कोटी ६० लाखांवरची अट सोडवायची असं ठरलं, आणि कॉलेज वाचलं. पुढे त्यांनीही फी कमी केली, अभ्यासक्रमांची मोडतोड केली, म्हणजे कठीण निर्णय काही टळले नाहीत. पण बंद करतोय हे उघड सांगितलं होतं, हातात तीन-चार महिने होते, म्हणून तर ती धावपळ झाली.

आता उलट बघा. मॅसॅच्युसेट्समधलं माउंट आयडा कॉलेज, २०१८ च्या एप्रिलमध्ये जाहीर केलं आणि मे महिन्यात गाशा गुंडाळला. मुलांना सरकारी युनिव्हर्सिटीच्या डार्टमथ कॅम्पसमध्ये थेट प्रवेश देऊ म्हणाले, पण यांच्यातले काही कोर्स तिथे नव्हतेच! त्याच वर्षी डिसेंबरात जवळच्याच न्यूबरी कॉलेजने सांगितलं की पुढच्या स्प्रिंग सेमिस्टरनंतर आम्ही बंद होतोय. बंद तेही झालं, पण पोरांना दुसरीकडे अर्ज करायला निदान एक सेमिस्टर मिळालं. माउंट आयडाच्या प्रकरणानंतर त्या राज्याने २०१९ मध्ये कॉलेजांच्या आर्थिक स्थितीवर नजर ठेवायचा कायदाही केला. आणि फिलाडेल्फियाची युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स तर कमालच, २०२४ च्या ३१ मेला बातमी आणि ७ जूनला कुलूप, कित्येक मुलांना आणि शिक्षकांना कॉलेजकडून कळायच्या आधी ते पेपरच्या बातमीतून कळलं.

एक आठवडा म्हणजे काय ते खिडकीच्या आतल्या बाजूला बसलं की कळतं. असाच दुसरीकडच्या बंद पडलेल्या कॉलेजचा एक मुलगा आमच्याकडे आला होता, दोन वर्षं पूर्ण झालेला, हातात मार्कशीट, पण आम्हाला हवा होता प्रत्येक विषयाचा सही-शिक्क्याचा सिलॅबस, आपल्या विषयांशी जुळवून बघायला, आणि तो देणार कोण, तिकडे फोनच कोणी उचलेना. शेवटी त्याचं एकच वर्ष धरलं. नियमाप्रमाणे बरोबरच होतं ते, मीच ती फाइल लावली. पण तो खिडकीशी उभा राहून परत परत तीच मार्कशीट उलटून बघत होता, जणू मागच्या बाजूला काहीतरी लिहिलेलं सापडेल, ते काही डोळ्यासमोरून जात नाही.

आणि 'अचानक परिस्थिती बदलली' हे तर मला सांगूच नका. तिकडे अमेरिकेत २००७ नंतर जन्म कमी होत गेले, त्यात अठरा मिळवा, २०२५ येतं, कॉलेजात येणारी मुलं कधी कमी होणार ते पाळण्यातच दिसत होतं. आमच्या ऑफिसातही ॲडमिशनचं रजिस्टर दर वर्षी बारीक होत होतं आणि ते दर वर्षी वरिष्ठांच्या टेबलावर जात होतं. धक्का बसतो तो बाहेरच्यांना, आतल्यांना नाही. बातमी फुटली तर पुढच्या ॲडमिशन आणखी पडतील ही भीती असते, आणि ती खोटी नाही हेही मान्य. पण म्हणून जी मुलं आधीच फी भरून आत बसलीयेत त्यांच्यापासून लपवायचं? मग त्या फीवर वर्ष ढकलायचं असाच त्याचा अर्थ होतो ना?

आता राहिलं ते पत्र. त्यासोबत देणगीचा फॉर्मही होता, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी पेनाने चार प्रश्न लिहिले: कोणते विषय, शेवटची बॅच कोणती, ती इथेच पूर्ण करून घेणार की दुसरीकडे पाठवणार, आणि दुसरीकडे तर तिथल्या कॉलेजशी लेखी करार झालाय का. रजिस्टर पोस्टाने पाठवला. पोच आलीये, उत्तर नाही.

आपली,
एक निवृत्त कॉलेज कर्मचारी